पटावरच्या शंका : तुमचा कोणता मोहरा रजेवर आहे?

या वेळच्या पत्रांचा गठ्ठा दोन दिवस जेवणाच्या टेबलावरच पडून होता. बुद्धिबळाच्या क्लासच्या पोरांची निवड चाचणी होती, घरात डबे, टिफिन आणि रडारड यापलीकडे काही नव्हतं. परवा रात्री वाचायला बसले तर गंमत वाटली. गावं वेगळी, वयं वेगळी, आणि विचारणं जवळपास एकच : मोहरे बाहेर तर काढले, आता ठेवायचे कुठे? म्हणून सुरुवातीच्या चालींबद्दलची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला काढली आहेत. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी टपाल खात्यात आहे, वय ५२. इटालियन ओपनिंगच्या दहा-बारा चाली मला पाठ आहेत. तिथपर्यंत माझा कॉलेजात जाणारा मुलगाही मला हलवू शकत नाही. पुढे मात्र काही सुचत नाही आणि मी प्यादी ढकलत सुटतो. एका डावाची नोंद सोबत पाठवली आहे. चूक कोणत्या चालीला झाली? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : तुमचा डाव मी पटावर लावून दोनदा पाहिला. (नवख्यांसाठी : घराचं नाव म्हणजे उभ्या पट्टीचं अक्षर, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आणि आडव्या ओळीचा आकडा, पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८.) एका चालीवर बोट ठेवावं असं त्यात काही नाही. बाविसाव्या चालीला तुम्ही डाव सोडलात, तेव्हा तुमचा सी१चा उंट आणि ए१चा हत्ती डाव मांडताना होते तिथेच होते. वजीर मात्र पाच वेळा बाहेर जाऊन आला. तुमच्या कचेरीत दोघंजण बावीस दिवस फिरकलेच नाहीत आणि एकटे साहेब पाच वेळा बटवड्याला गेले, असं झालं तर तुम्ही काय म्हणाल?

आता ते दोघं का अडकले ते बघा. बी१चा घोडा तुम्ही डी२ला आणलात आणि ‘हा निघाला एकदाचा’ म्हणून विसरून गेलात. डी३वर तुमचंच प्यादं. म्हणजे सी१च्या उंटाची एक वाट घोड्याने बंद केली. बी२कडून निघावं तर सी३वर पुन्हा तुमचंच प्यादं. उंट हलत नाही म्हणून ए१चा हत्ती मधल्या पट्ट्यांकडे सरकू शकत नाही. एक घोडा दारात बसला आणि घरातले दोघं आत कोंडले गेले.

या मांडणीत डी२ हे घोड्याचं ठिकाण नाही, तो त्याचा थांबा आहे. किल्लेकोट (राजा दोन घरं हत्तीकडे सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो ती चाल) झाल्यावर एफ१चा हत्ती ई१ला घ्यायचा. एफ१ रिकामं झालं की घोडा डी२वरून एफ१, तिथून जी३, आणि जमलं तर एफ५. बी१वरून मोजलं तर चार चाली. लोक म्हणतात, एका घोड्यावर चार चाली कशाला? एवढ्यासाठी की घोड्याने डी२ सोडल्याबरोबर उंटाची वाट मोकळी होते, उंट निघाला की हत्तीची. आणि एफ५वर बसलेला घोडा जी७कडे, एच६कडे बघत असतो. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला असेल तर त्याला झोप येत नाही. घोड्याला हुसकावायला काळ्याने जी६ केलं तर घोडा परत फिरतो, पण जाताना एफ६ आणि एच६ ही दोन घरं कायमची उघडी करून जातो. सी८च्या उंटाने मारलं तर तुमचं ई४चं प्यादं एफ५ला येतं, आणि मग त्या बाजूने चढाई करायची की नाही हे बाकीची मांडणी बघून ठरवायचं.

अडकल्यावर मी स्वतः काय करते ते सांगते. हात मांडीखाली घेते. (खरंच. माझ्या वडिलांनी लावलेली सवय आहे, साठी उलटली तरी गेली नाही.) आधी समोरच्याच्या शेवटच्या चालीत काही धमकी आहे का ते बघायचं. शह आहे का, काही मारता येतंय का, हेही बघायचं. यातलं काही नसेल तर आपला एकेक मोहरा घेऊन मनात विचारायचं, ‘तू काय करतोयस?’ ज्याचं उत्तर सगळ्यात ओशाळं येईल, पुढची चाल त्याची. बाकूचे खेळाडू आणि प्रशिक्षक व्लादिमीर माकोगोनोव्ह यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो : काही सुचत नसेल तर सगळ्यात वाईट जागी बसलेला मोहरा सुधारा. तुम्ही त्या डावात अकराव्या चालीपासून सहा चाली प्यादी ढकलण्यात घालवल्यात. त्याच सहा चालींत घोडा जी३ला, उंट ई३ला आणि हत्ती डी१ला येऊ शकला असता. शिवाय प्यादं मागे येत नाही. मोहरा चुकला तर निदान परत आणता येतो.

लहान मुलांना मी हे शेंगदाण्यांनी शिकवते. रिकाम्या पटावर घोडा ठेवायचा आणि तो जाऊ शकेल अशा प्रत्येक घरात एक शेंगदाणा. कोपऱ्यात ए१वर ठेवला तर दोन शेंगदाणे. कडेला ए४वर चार. मध्यभागी ई४वर आठ. उंटाला कोपऱ्यात सात मिळतात, मध्यभागी तेरा. शेवटी ते खायचे असतात, त्यामुळे पोरांना घोडा मध्यभागी न्यायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तुम्ही मुलासमोर करू नका, हसेल. एकटे असताना करा.

प्रश्न : दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून मी शिकते आहे. आमचे सर म्हणतात, घोडा कडेला ठेवायचा नाही म्हणजे नाही. पण मोठे खेळाडू तर ठेवतात. मग खरं काय? (सातवीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : बाळा, सरांचं बरोबर आहे आणि तुझंही. आधी सरांची बाजू सांगते, कारण त्यासाठी माझ्याकडे एक डाव आहे. तो मी इतक्यांदा मांडलाय की आमच्या क्लासची पोरं तो काढला की जांभया देतात.

१९८५ साल, मॉस्को. जगज्जेता कार्पोव्ह पांढऱ्याकडून, आव्हान देणारा कास्पारोव्ह काळ्याकडून. सामन्यातला सोळावा डाव. आठव्या चालीला कास्पारोव्हने डी५ करून एक प्यादं देऊ केलं. कार्पोव्हने ते घेतलं. या देवाणघेवाणीत पांढऱ्याची सी आणि ई या पट्ट्यांवरची प्यादी संपली. हे नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

काळ्याचा घोडा बी८वरून सी६, सी६वरून बी४ आणि सोळाव्या चालीला डी३वर येऊन बसला. पांढऱ्याच्या अंगणात! त्याला हुसकावायचं तर सी२ किंवा ई२वर पांढरं प्यादं हवं, आणि ती दोन्ही तर गेली. मागून एफ५च्या उंटाचा जोर. आता पट घे आणि डी३वरच्या घोड्याची घरं मोज : बी२, बी४, सी१, सी५, ई१, ई५, एफ२, एफ४. आठही. पांढऱ्याच्या हत्तींना यायचं होतं सी१ला आणि ई१ला, खुल्या पट्ट्यांवर. तिथे घोड्याचा डोळा. हत्ती असून नसल्यासारखे.

आणि पांढऱ्याचे घोडे? जी१वरून निघालेला घोडा एफ३, डी४, बी५, ए३ असा सगळा पट हिंडला आणि सतराव्या चालीला बी१वर जाऊन बसला. पाच चाली खर्चून भावाच्या तबेल्यात! दुसरा घोडा, जो मुळात बी१चा, तो सी३वरून ए४ला गेला, कडेला. हा ए४वरचा अडतिसाव्या चालीपर्यंत हलला नाही आणि बी१वरचा एकोणचाळिसाव्या चालीपर्यंत. काळ्याचा डी३वरचा घोडा चौतिसाव्या चालीला मारला गेला, तोही मारायला पांढऱ्याचा वजीर लागला आणि पुढच्या दोन चालींत तो वजीर गेला. चाळिसाव्या चालीला कार्पोव्हने डाव सोडला. त्याच सामन्यात कास्पारोव्ह बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला.

एक प्यादं जास्त होतं हं पांढऱ्याकडे, जवळपास सगळा वेळ. घोडे मोजले तर दोघांचेही दोन-दोन. पण दोन घोड्यांनी मिळून काय केलं विचारशील तर एकाने तबेला राखला आणि दुसऱ्याने भिंत.

आता तुझी बाजू. रुय लोपेझ नावाच्या सुरुवातीत काळा आपला घोडा सी६वरून ए५ला नेतो, मुद्दाम कडेला. तिथे गेल्यावर तो बी३वरच्या पांढऱ्या उंटावर हल्ला करतो, उंटाला सी२ला हटावं लागतं. शिवाय घोडा बाजूला झाल्यामुळे काळ्याच्या सी पट्टीवरच्या प्याद्याला सी५ला जायची वाट मिळते. एका चालीत दोन कामं झाली. पुढे तोच घोडा ए५वर नुसता राहिला तर मात्र डोकेदुखी होते, म्हणून काळा त्याला परत कसा आणायचा याच्याच विवंचनेत असतो. तेव्हा सरांना सांग, कडेला नेईन पण काम काढून नेईन आणि परतीचं तिकीट आधी काढीन. ते ‘नाही’ म्हणाले तर त्यांचं ऐक. सातवीत आहेस.

प्रश्न : डी१ला हत्ती आणायचा असतो तेव्हा ए१चा आणावा की एफ१चा? मी दर वेळी आणतो तो नेमका चुकीचा निघतो. (एक अभियंता, चाकण)

उत्तर : सगळ्यांचाच निघतो. माझाही. एक साधी युक्ती : ज्याला आणायचं त्याचा विचार न करता दुसऱ्याचा करा. उरलेला हत्ती कुठे उपयोगी पडेल हे ठरलं की पहिल्याचं आपोआप ठरतं. एफ पट्टीवरचं प्यादं पुढे सारायचा बेत असेल तर एफ१चा तिथेच असू द्या.

वर शेंगदाण्यांचं लिहिलंय, त्यात हत्तीची एक गंमत आहे. रिकाम्या पटावर त्याला कोपऱ्यात ठेवा नाहीतर मध्यभागी, चौदाच मिळतात. त्याला जागेचं सोयरसुतक नाही. त्याच्या पुढे प्यादं आहे की नाही एवढंच त्याला पाहिजे. म्हणून हत्तीसाठी घर शोधू नका, पट्टी शोधा. आणि पट्टी कधीकधी बंद करायचीही असते. १९७४च्या नीस ऑलिंपियाडमध्ये कार्पोव्हने उन्झिकरविरुद्ध चोविसाव्या चालीला उंट ए७ला नेऊन ठेवला. खुल्या ए पट्टीत, दारात टेबल आडवं घालावं तसा. काळ्याला हत्तींची मारामारी (म्हणजे अदलाबदल) करून सुटायचं होतं, ते थांबलं. उंटाच्या आडोशाने कार्पोव्हने आपले हत्ती त्या पट्टीत एकामागे एक लावले आणि मग सावकाश राजाच्या बाजूला वळला. काळ्याला दोन्हीकडे पुरं पडता येईना. चव्वेचाळीस चाली लागल्या. मला विचाराल तर हा डाव बघताना चहा दोनदा करावा लागतो, पण बघाच.

प्रश्न : माझा घोडा सी५वर इतका सुंदर बसला होता की विचारू नका. क्लबमधला एकजण म्हणाला, समोरच्याच्या डी७वरच्या उंटाला मारून टाक. अशा घोड्याच्या बदल्यात तसला मरतुकडा उंट कशाला घ्यायचा? मी नाही मारला. डाव बरोबरीत सुटला. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमचा मित्र वाचणारा दिसतो. हीच घरं, हेच मोहरे. १९७१, ब्यूनॉस आयर्स, फिशर विरुद्ध पेट्रोशियन, सातवा डाव. फिशरचा घोडा सी५वर, हलवायची कुणाची टाप नाही. बाविसाव्या चालीला फिशरने त्याच घोड्याने डी७चा उंट मारला, शह देऊन. काळ्याच्या हत्तीने घोडा घेतला. तेविसाव्या चालीला फिशरचा हत्ती सी१ला, चोविसाव्याला सी७ला. त्याच्याच घोड्याने अडवलेली सी पट्टी घोडा गेल्याबरोबर मोकळी झाली होती! शिवाय तो ‘मरतुकडा’ उंट पुढे बी५ला येऊन फिशरच्या उंटाशी मारामारी करणार होता, तेही टळलं. दुसरा हत्ती ई७ला पोचला, दोन्ही सातव्या ओळीत, आणि चौतिसाव्या चालीला पेट्रोशियनने डाव सोडला.

तुमच्या बाजूनेही बोलायला मला हक्क आहे, कारण मी हीच चूक जास्त वाईट केली आहे. बँकेत नोकरीला लागले त्या सुमाराची गोष्ट, सांगलीला एक स्पर्धा होती. माझा घोडा ई५वर, खाली दोन प्याद्यांचा जोर. मी त्याच्याकडे कौतुकाने बघत वीसेक चाली काढल्या. देवघरातल्या मूर्तीसारखा. तो हलवला तर शोभा जाईल असं वाटायचं. तेवढ्यात समोरच्या बाईंनी शांतपणे आपला हत्ती माझ्या दुसऱ्या ओळीत आणला, एक प्यादं खाल्लं, मग दुसरं. माझा घोडा ई५वरच होता. मी सही करून उठले तेव्हाही तिथेच होता. घरी येताना एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का हो?

तुमच्या डावात मारायला हवं होतं का, हे मी पट पाहिल्याशिवाय सांगणार नाही. तुमच्या हत्तीला सी पट्टी मिळत होती का, एवढं तपासा. मिळत नसेल तर तुम्ही केलंत ते ठीक.

प्रश्न : माझी नात मला राजा हलवू देत नाही. ‘आजोबा, त्याला कोपऱ्यात लपवा.’ आम्ही देशी पद्धतीने खेळायचो तेव्हा राजा असा घाबरट नसायचा. (वय ७८, वाई)

उत्तर : काका, नातीचं अर्धं बरोबर आहे. वजीर आणि हत्ती पटावर असेपर्यंत लपवा. देशी डावात प्यादं एकेकच घर चालायचं, दोन्ही फौजा भिडायलाच वेळ लागायचा. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची, तीही शह लागला नसेल तर. तुमच्या राजाला सवड होती. आताच्या डावात समोरचा वजीर चौथ्या चालीला दारात उभा असतो.

पण वजिरावजिरी झाली, थोडेच मोहरे उरले की नातीला हा डाव दाखवा : न्यूयॉर्क, १९२४, कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर. हत्तींचा शेवट. कापाब्लांकाचा हत्ती एच७वर. पस्तिसाव्या चालीला त्याने राजा जी३ला आणला आणि प्यादं सोडून दिलं. काळ्याने ते शह देऊन खाल्लं. राजा एच४. मग आणखी एक प्यादं गेलं, तेही शहासकट. राजा जी५, राजा एफ६. प्यादी गेली तर जाऊ देत. एफ६वरचा राजा, एच७वरचा हत्ती आणि जी६वर पोचलेलं प्यादं यांनी काळ्या राजाला जखडून टाकलं. मग गेलेली प्यादी सावकाश वसूल.

आणि ती फारच हट्टी असेल तर १९९१चा टिलबर्गचा शॉर्ट-टिमन डाव. वजीर, हत्ती सगळे पटावर असताना शॉर्टचा राजा एकतिसाव्या चालीपासून चालायला लागला : एच२, जी३, एफ४, जी५. पुढे एच६ला जाऊन वजिराला जी७वर मात करायला मदत करणार होता. काळ्याच्या मोहऱ्यांना हलायला जागाच नव्हती, म्हणून हे जमलं. टिमनने डाव सोडला. हा डाव नातीला दाखवा, पण तुम्ही स्वतः तसं खेळू नका. तुमची शुगर वाढेल.

प्रश्न : फ्रेंच बचावात माझा सी८चा उंट कायम आत कुजतो. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : कुजणारच. ई६ आणि डी५ ही तुझी प्यादी पांढऱ्या घरांवर, उंटही पांढऱ्या घरांचा. तीन वाटा. बी६ करून उंट ए६ला आण आणि समोरच्या चांगल्या उंटाशी मारामारी करून टाक. किंवा डी७, ई८ अशी मागची गल्ली धर. एफ७चं प्यादं पुढे गेलेलं असेल तर तिथून जी६ किंवा एच५ला निघता येतं. तिसरी वाट म्हणजे ई६ला जोर देत त्याला डी७वर बसू दे आणि तक्रार थांबव. पहिली मला आवडते.

डावाची नोंद पाठवणाऱ्यांसाठी : घरांची नावं कृपया सुटसुटीत लिहा. या वेळच्या एका पत्रात, जुन्नरहून आलेल्या, काळ्याचे दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांवर आहेत. मी तासभर पटाशी बसून घालवला. लिहिताना चूक झाली असेल तर सुधारून पाठवा. पण प्याद्याचा वजीर न करता खरंच उंट केला असेल, तर अख्खा डाव पाठवा, मला तो बघायचाच आहे.